कंपनीत बोटं गेली, ६० हजार देतो म्हणतायत, वकील करू का नको?

डावखुरा_झालोय (१४ जुलै २०२४)

नमस्कार मंडळी, डाव्या हाताने टाईप करतोय त्यामुळे चुका असतील, सांभाळून घ्या. मी पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहे, कंपनीच्या रोलवर नाही, ठेकेदाराकडून, पण चार वर्षं त्याच शॉपमध्ये त्याच प्रेसवर. ११ जूनला सेकंड शिफ्टला जॉब (घडवायचा तुकडा) डायमध्ये (साच्यात) तिरका बसला, उजव्या हाताने सरळ करायला गेलो आणि रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली आला. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली आणि मधल्या बोटाचं टोकाचं पेर गेलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता बोटं नाहीत तिथेच खाज सुटते, हे कुणाला सांगितलं तर हसतात.

मुद्दा असा की आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत, दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय रॅम येत नाही अशी सिस्टिम. पण पीस जास्त निघावेत म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवलेली, मी नाही मारली, सुपरवायझरने मारलेली, तिन्ही शिफ्टला माहिती आहे. म्हणजे एक हात आत आणि एक हात बटणावर, असंच काम चालायचं.

आता ठेकेदार म्हणतो हॉस्पिटलचं बिल आम्ही भरलं, वरून ६०,००० कॅश देतो, बरा झालास की स्टोअरला हलकं काम देतो, विषय संपव. बायको म्हणते घेऊन टाका, हातात येतंय ते खरं. मेहुणा म्हणतो वकील कर. मला वकिलाची भीती आहे खरं सांगायचं तर, एकदा कोर्टात गेलो की वर्षानुवर्षं चकरा, आणि केस करणारा माणूस म्हणून पुढे कुणी कामाला घेणार नाही असंही वाटतं. वय ३० पूर्ण, पगार २४,५००, ईएसआय (सरकारी कामगार विमा) कट होत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.

घाईत_असलेला

भावा डोळे झाकून वकील कर, हे लोक गरिबाला असंच गुंडाळतात. आणि ईएसआय ऑफिसला जा उद्याच, त्यांच्याकडून महिन्याला पेन्शन मिळते बोट गेलं की, माझ्या मित्राला चालू आहे.

युनियनवाले_काका

वरच्या मित्राने चांगल्या मनाने लिहिलंय पण ईएसआयचा रस्ता इथे नाही. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे, ह्याचा पगार त्याच्या वर. ईएसआयमध्ये जो बसतो त्याला ईएसआय, आणि मग त्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. जो बसत नाही त्याच्यासाठी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. आधी ह्याला वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणायचे, कामगार लोक अजून डब्ल्यूसीच म्हणतात. पहिला प्रश्न कायम हाच की तू कुठल्या खात्यात बसतोस, वकील त्यानंतर.

बाळा, वकील करायचा का नाही हे ठरवायच्या आधी तुझा आकडा तुला माहीत पाहिजे. नाहीतर ६० हजार जास्त का कमी हे तुला कळणार कसं? वही घे आणि माझ्याबरोबर कर.

हिशोबाला पगार कितीही असला तरी महिन्याचे १५,००० च धरतात, जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वयाप्रमाणे एक गुणक असतो, तो कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात छापलेला आहे, वय ३० ला २०७.९८. गुणाकार केला की १८,७१,८२०. माणूस कायमचा शंभर टक्के निकामी झाला तर ही रक्कम. आता तुझी बोटं. पहिल्या परिशिष्टात एकेका पेराचा टक्का लिहिलेला आहे, वाचताना अंगावर काटा येतो पण आहे तसं आहे. तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्याचं एक पेर ७ टक्के, बेरीज १८. म्हणजे ३,३६,९२७ रुपये आणि वर काही पैसे. ६० हजार ह्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी झाले.

आणि हॉस्पिटलचं बिल भरलं हा उपकार नाही, उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा हे कायद्यातच आहे. एक महिन्यात भरपाई दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसताना अडवलं तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो. तुझा महिना ११ जुलैला झाला.

ठेकेदाराचा माणूस आहेस म्हणून घाबरू नको, कलम १२ प्रमाणे मूळ कंपनीवरही जबाबदारी येते, कंपनीने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, ते त्यांचं ते बघतील. आता दुसरं, ह्या कायद्यात कमिशनरपुढे, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, उभं राहायला वकीलच लागतो असं नाही, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी तुझ्या वतीने उभा राहू शकतो, मी स्वतः राहिलोय, पुष्कळ वेळा. साधी केस असेल, म्हणजे अपघात मान्य, नोकरी मान्य, फक्त टक्क्याचा हिशोब, तर युनियनचा अनुभवी माणूस पुरतो.

पण एक विचारतो, खरं सांग. हॉस्पिटलमध्ये असताना कशावर सही केलीस का?

डावखुरा_झालोय

काका ३ लाख ३६ हजार वाचून बायकोला दाखवलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

सही केलीय. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण लाज वाटली. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी एचआरचा एक जण आणि ठेकेदाराचा माणूस आले, दोन पानं होती, टाईप केलेली, इंग्रजीत. म्हणाले इन्शुरन्सला लागतं, बिल अडकेल नाहीतर. उजवा हात बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला, सलाईन चालू, मी डाव्या हाताने सही केली, म्हणजे सही काय, पहिलीतलं पोरगं पाटीवर गिरवतं तसं, माझ्या नेहमीच्या सहीसारखी दिसत पण नाही. कॉपी दिली नाही. परवा सुपरवायझर बोलण्याच्या नादात बोलून गेला की तूच लिहून दिलंयस पाचर मी मारली म्हणून. मला तर घाम फुटला.

काळा_कोट

मी कामगार न्यायालयात प्रॅक्टिस करतो. काकांचा हिशोब बरोबर आहे आणि त्यांचं साध्या केसबद्दलचं म्हणणंही बरोबर आहे, पण ही आता साधी केस राहिली नाही.

ह्या कायद्यात चूक कुणाची हे सहसा बघतच नाहीत, कामावर असताना कामामुळे इजा झाली की भरपाई, तुम्ही निष्काळजी होतात असं म्हणून मालक सुटत नाही. पण अपवाद आहेत. कामगार दारू प्यालेला होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी बसवलेलं साधन स्वतःहून मुद्दाम काढलं, आणि अपघात त्यामुळे झाला. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर हे अपवाद मालकाला वापरता येत नाहीत. तुमचं अपंगत्व कायमचं आहे पण अंशतः आहे, म्हणजे तुम्हाला हा अपवाद लागू शकतो. त्या दोन पानांचा उपयोग नेमका ह्याच्यासाठी आहे. म्हणून माझं उत्तर सरळ आहे, तुमच्या बाबतीत वकील किंवा तितकाच जाणकार प्रतिनिधी हवा, आणि ६० हजार घेऊन आणखी कशावर सही करू नका.

त्या कागदाने सगळं संपलं असंही नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार ह्या कायद्याखाली मुळातच रद्दबातल असतो. आणि जबाब कुठल्या परिस्थितीत घेतला हे कोर्ट बघतं. तुम्ही आजच साध्या मराठीत एक पत्र लिहा: अमुक तारखेला हॉस्पिटलमध्ये इंग्रजीतला कागद वाचून न दाखवता सही घेतली, मजकूर मला मान्य नाही, पाचर सुपरवायझरने मारलेली होती, कागदाची प्रत द्यावी. कंपनी आणि ठेकेदार दोघांना रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसकट. हे पत्र चार महिन्यांनी केस टाकताना लिहिलंत तर वकिलाने शिकवलं म्हणतील, आज लिहिलंत तर वजन वेगळं. हॉस्पिटलमधून इनडोअर पेपर (भरती असतानाचे उपचाराचे कागद) मागून घ्या, त्या दिवशी कुठली इंजेक्शनं चालू होती ते त्यात असतं. एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली अपघाताची नोंद) झाली होती का तेही बघा. पाचरीचा फोटो कुणाकडे असेल तर अजिबात डिलीट होऊ देऊ नका.

दुसरं, ज्या अपघातामुळे कामगार अठ्ठेचाळीस तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नाही त्याची खबर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायची असते. दिली की नाही ते तिथे जाऊन विचारा, नसेल दिली तर तुम्ही लेखी द्या. फॅक्टरी इन्स्पेक्टरचा रिपोर्ट अशा केसमध्ये फार कामाला येतो.

घाई करायची पण घाबरायचं नाही, अर्जाला अपघातापासून दोन वर्षं मिळतात. अर्ज तुम्ही राहता तिथल्या हद्दीतही करता येतो, अपघात झाला तिथेच जावं लागतं असं नाही.

१८ टक्क्यांबद्दल एक. परिशिष्टातला टक्का हा खालचा आधार समजा. सुप्रीम कोर्टापुढे १९७५ साली एका सुताराचं प्रकरण होतं, डावा हात कोपराच्या वरून गेलेला, तक्ता बघितला तर टक्का कमी भरत होता, पण एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून शंभर टक्के धरले. तुमच्या केसमध्ये शंभर होणार नाहीत, उगाच आशा लावत नाही, पण पकड गेली असेल आणि प्रेसचं काम जमत नसेल तर डॉक्टरकडून ते लिहून घेण्यात अर्थ आहे. हे काम डॉक्टरची साक्ष कशी घ्यायची हे माहीत असलेल्या माणसाचंच.

एचआर_मध्ये_आहे

शिव्या पडतील पण लिहितो, मी टेबलाच्या पलीकडे बसतो. दहातल्या सात आठ केसला वकिलाची गरज नसते, हा माझा अंदाज आहे, आकडेवारी मागू नका. पॉलिसी असते, क्लेम फॉर्म जातो, डॉक्टरचा दाखला जातो, पैसे कमिशनरकडे जमा होतात. वकिलाची नोटीस आली की मात्र आमच्याकडे फाईल लीगलकडे जाते आणि मग आमच्यातला कुणीही माणूस तुमच्याशी फोनवर बोलत नाही, हे पण खरं. म्हणून एरवी मी सांगितलं असतं की आधी स्वतःच्या सहीने साधं पत्र द्या, पंधरा दिवस थांबा.

पण इथे मला दोन गोष्टी खटकल्या. एक, कॅश. ज्याच्याकडे पॉलिसी आहे तो खिशातून साठ हजार कशाला काढेल? बहुतेक ठेकेदाराने पॉलिसी काढलेली नाही किंवा लॅप्स झालीय. दुसरं, तिसऱ्या दिवशी दोन पानी इंग्रजी जबाब, ही कागदपत्रं इन्शुरन्सला लागत नाहीत, मी भरलेत ते फॉर्म. कुणीतरी आधीच लीगलला विचारून आलेलं होतं. समोरच्याने वकील आणलाय, फक्त तो तुम्हाला दिसला नाही.

नोकरीचं म्हणाल तर हलकं काम देतो हे लेखी मागा. देत नसतील तर ते काम नाहीच असं धरून चाला.

दोन_मुलांची_आई

दादा मी वकिलाच्या बाजूची पण नाही आणि विरोधात पण नाही, आमचं काय झालं ते सांगते. ह्यांच्या पायावर लोखंडी प्लेट पडली, पंजा गेला. एका ओळखीच्याने वकील गाठून दिला, पहिल्याच दिवशी म्हणाला फी काही नको, आलेल्या पैशातले तीस टक्के. आम्हाला वाटलं बरं झालं, आत्ता काही द्यायला नको. कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतली, दोन कोरे चेक पण घेतले. मग तारखांवर तारखा, ह्यांचा कुबडीवर जिना चढायचा आणि वरती गेलं की कळायचं आज वकील आलेच नाहीत. कायद्यात म्हणे तीन महिन्यांत निकाल लावायचा आहे, आम्हाला अडीच वर्षं लागली. पैसे आले तेव्हा तीस टक्के तर घेतलेच वर खर्च म्हणून वेगळे.

नंतर दुसऱ्या वकीलबाईंनी सांगितलं की असे टक्के ठरवायला वकिलांना बंदीच आहे, बार कौन्सिलचाच नियम आहे. हे आम्हाला आधी कोण सांगणार. म्हणून सांगते, वकील करा पण फी आकड्यात ठरवा, टप्प्याने द्या, पावती घ्या, कोरा कागद कुठलाच नको, चेक तर नाहीच. आणि आधी विचारा की कामगार भरपाईच्या किती केस चालवल्या, शेवटची कधी. जमिनीच्या केस करणारा वकील ह्यात चाचपडत बसतो, आमचा तसाच होता.

काळा_कोट

ताईंचं अक्षरशः खरं आहे. निकालावर अवलंबून फी किंवा रकमेत वाटा ठरवणं वकिलाला निषिद्ध आहे, चालतं सगळीकडे, म्हणून ते बरोबर होत नाही.

खर्चाची भीती असणाऱ्यांसाठी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील कुणाला मिळतो त्या यादीत औद्योगिक कामगार आहे, उत्पन्न न बघता. अपंग व्यक्ती आहे, स्त्रिया आहेत. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे अर्ज करायचा, किंवा १५१०० ला फोन. मोफत म्हणजे टाकाऊ असं समजू नका, पॅनलवर चांगले लोकही असतात, पण तिथेही ताईंनी सांगितलेला प्रश्न विचारायचाच.

युनियनवाले_काका

सही केली म्हणून लाजू नको रे. मी तीस वर्षं हेच बघतोय, माणूस कॉटवर पडला की कागद येतो. एवढ्यावर मी माझं मत बदलतो, वकील कर. मी बरोबर येईन साक्षीदारांशी बोलायला. आणि समजा मधेच सेटलमेंट झालीच तर कमिशनरकडे नोंदवून घ्यायची, घरी येऊन नोटा मोजून नाही. नोंदवलेली नसेल तर उद्या मालकालाच अडचण होते, हे त्यांनाही माहीत असतं.

डावखुरा_झालोय (२ ऑगस्ट २०२४)

अपडेट देतो. पत्र पाठवलं, बायकोने लिहिलं मी सांगितलं तसं, दोन्ही पोचपावत्या आल्या. पत्र पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन, ६० चे एकदम दीड लाख झाले. मी म्हणालो लेखी द्या, तर म्हणे लेखी कशाला आपण घरचे. विधी सेवाच्या ऑफिसला जाऊन आलो, वकील मिळाल्या, त्यांना विचारलं किती केस केल्या, त्या हसल्या आणि म्हणाल्या हा प्रश्न तुला कुणी शिकवला. सध्या पाच चालू आहेत म्हणाल्या. कंपनी आणि ठेकेदार दोघांवर अर्ज टाकतोय.

इन्स्पेक्टर येऊन गेले शॉपला. पाचर नव्हती, दोन्ही बटणं नवीन बसवलीत, पिवळा रंग पण मारलाय. पण सेकंड शिफ्टच्या एका पोराने मे महिन्यात रील बनवायला म्हणून प्रेसचा व्हिडिओ काढलेला, त्यात पाचर स्पष्ट दिसते, तारखेसकट. त्याचं नाव लिहीत नाही.

नवीन_मेंबर_आहे (डिसेंबर २०२५)

जुना धागा वर काढतोय सॉरी. माझ्या भावाला मागच्या आठवड्यात असाच अपघात झाला, वर दिलेली कलमं तशीच्या तशी लागू होतील का?

काळा_कोट

नाही, तशीच्या तशी वापरू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला. वरच्या मित्राचा अपघात आधीचा त्यामुळे त्यांचा हिशोब जुन्या कायद्याने. भावाच्या बाबतीत संहितेतलं कर्मचारी भरपाईचं प्रकरण बघावं लागेल, कलमांचे नंबर वेगळे आहेत. कागदाचं मात्र आजच बघा, भावाने कशावर सही केलीय का?

नवीन_मेंबर_आहे

विचारतो थांबा. हो म्हणतोय.